खिडकीखालच्या विद्यार्थिनी

माझ्या थोरल्या नणंदेएवढं शिकलेलं माणूस अख्ख्या अनगोळात झालं नसेल, आणि त्या शाळेत गेल्या होत्या फक्त दोन वर्षं. तेवढ्यात त्यांच्या गुरुजींनी एकच गोष्ट डोक्यात घातली: कळलं नाही तर हात वर करायचा. पन्नाशी आली तरी वन्संचा हात काही खाली आला नाही. कीर्तनात बुवा रंगात आले की हात वर. "बुवा, ते मघाचं ब्रह्म कळलं न्हाय. परत सांगा." बुवांनाही ते कळलेलं नसावं, त्यांनी घाईघाईनं आरती उरकली.

"वन्सं, गप बसा की, लोक हसत्यात," मी म्हणायची.

"हसू देत गं. हसून दमतील. मला कळायचं ऱ्हाईल त्याचं काय?"

सत्तर सालानंतर आमच्या सीमाभागात बसच्या पाट्या, कचेरीतले कागद कानडी होत गेले. कानडी बोलायला आम्हा सगळ्यांनाच येई, वाचायला कुणाला? वन्सं निवडायची डाळ घेऊन कानडी शाळेच्या व्हरांड्यात, पहिलीच्या खिडकीखाली बसू लागल्या. बाईंनी हटकलं तर म्हणाल्या, "मी कुठं आत हाय? भाईर हाय न्हवं?" आत पोरं अक्षरं म्हणत, बाहेर वन्सं, पोरांपेक्षा मोठ्यानं. वर्षभरात वाचू लागल्या, पण पहिलीतल्यासारखं, बोट ठेवून, सुरात. पाटी वाचून होईपर्यंत बस टिळकवाडीला पोचायची. "गेली तर गेली. कुठं गेली ते तर कळलं!"

नवरा वारल्यापासून त्या आमच्याकडेच असत. एक दिवस त्यांच्या भावानं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, कानडीत टाइप केलेला कागद आणला. वडिलांच्या शेतातला बहिणीचा हक्क सोडल्याचा. मला ठाऊक होतं आणि मी गप्प होते. खोटं कशाला सांगू?

"आक्का, हितं सही कर. घरचाच कागद हाय."

"घरचा हाय तर वाचाय काय हरकत?"

वन्संनी चष्मा लावला आणि पहिल्या अक्षरावर बोट ठेवलं. चहा गार झाला. हक्काला कानडीतही हक्कूच म्हणतात; तिथं सूर तुटला. तरी शेवटपर्यंत वाचून त्या म्हणाल्या, "शेत घे रं आप्पा, तुला पोरं हाईत. पण मी मरूस्तवर ऱ्हाणार कुठं, ते ह्यात न्हाय. ते लिहून आण, मग सही."

नवरा मान खाली घालून गेला आणि लिहून घेऊन आला. तोही कागद त्यांनी अक्षर न् अक्षर वाचला. मागच्या खोलीत त्या शेवटपर्यंत राहिल्या, कुणाच्या मेहेरबानीवर नाही.

माझी चौथी झालेली, त्यांच्यापेक्षा दोन वर्षं जास्त. पण नवरा दाखवील तिथं मी आयुष्यभर सही करत गेले. ते कागद कशाचे होते, हे विचारायला आता तो नाही, आणि वाचून दाखवायला वन्संही नाहीत.