मेबलमावशी बडबडत नव्हती

मेबलमावशी आज सकाळी गेली. मला रडू येत नाहीये, संताप येतोय.

इथे अमेरिकेत, कॅरीतल्या आमच्या अपार्टमेंटमध्ये ती खालच्या मजल्यावर, लेकीकडे राहायची. मी ऑफिसला गेले की आमची छोटी सई तिच्याकडे.

मावशी गयानाची. तिची भाषा अकावायो, तिकडच्या आदिवासींची, कॅरिबन भाषाकुळातली. बोलणारे कमी कमी होत चाललेत.

लहानपणी मिशनच्या शाळेत ही भाषा तोंडातून निघाली की छडी बसायची. म्हणून लेकीला, डेनिसला, तिने एक शब्द शिकवला नाही.

"तिला मार नको बसायला," म्हणाली होती.

आमच्या मराठी मंडळाच्या पॉटलक जेवणात मी हे सांगितलं, तर एक काका श्रीखंड चाटत म्हणाले, "असली लँग्वेज टिकवून उपयोग काय पण?"

काका, उपयोग ऐका.

गेल्या आठवड्यात मावशीला स्ट्रोक आला. इंग्लिश पार गेलं. अकावायो तेवढी राहिली.

हॉस्पिटलने काय करावं? बाई साउथ अमेरिकेची, म्हणून स्पॅनिशचा इंटरप्रीटर आणला! मावशीला स्पॅनिशचं ओ की ठो कळत नाही. गयानात इंग्लिश चालतं, एवढं तरी बघायचं ना!

तो बिचारा परत गेला. नर्स म्हणाली, "शी इज जस्ट कन्फ्यूज्ड."

आणि झोपेचं इंजेक्शन.

जाग आली की मावशी तेच वाक्य पुन्हा म्हणायची. डेनिस उशाशी बसून रडायची. पोटच्या पोरीला आईचं बोलणं कळू नये? कोणी केलं हे? मावशीने नाही केलं.

काल कॉलिंग कार्ड घेऊन मी तिच्या बहिणीच्या गावात फोन लावला. कोणीतरी बहिणीला बोलावून आणलं. सेलफोन स्पीकरवर टाकून मावशीजवळ धरला.

दोघी बोलल्या. मावशी चक्क हसली.

मग बहीण आम्हाला इंग्लिशमध्ये म्हणाली, "टाच दुखतेय म्हणते. पायाखाली काहीतरी ठेवा."

एवढंच. इतके दिवस एवढंच सांगत होती!

नर्सने पांघरूण काढलं. टाच सोलवटली होती. डेनिसने टॉवेल दुमडून पायाखाली ठेवला आणि फोनवर विचारलं, "आंटी, 'अजून दुखतंय का' कसं म्हणायचं?"

आंटीने सांगितलं. डेनिसने अडखळत आईला विचारलं.

मावशीने तिच्याकडे बघितलं. मान हलवली. नाही.

मेबलमावशी, आज शांतपणे श्रद्धांजली वाहणं जमत नाहीये गं. रागावलेलीच घे.