धाकूशाहिराची दोनशे चौदा लाइट बिलं

धाकू मांडवकर बोलायला लागला की नवख्या माणसाला वाटतं, हा आपल्याशी भांडतोय. तसं काही नसतं. तो फक्त "जेवलास काय?" असं विचारत असतो. मिरकरवाड्याच्या बर्फाच्या कारखान्यात मशिनच्या वर आवाज काढून तीस वर्षं नोकरी केली आणि उरलेल्या वेळात ढोलकीच्या वर आवाज काढून शाहिरी केली. अशा माणसाचा गळा हळू बोलायच्या कामाचा राहत नाही. त्याने बायकोच्या कानात सांगितलेलं गुपित आमच्या घरी ऐकू येतं, आणि आमच्या मध्ये चांगलं आंब्याच्या पंधरा कलमांचं कुंपण आहे.

आमच्याकडे गणपतीत जाखडीचा नाच असतो. पायात चाळ बांधलेली पोरं गोल धरतात आणि मध्ये शाहीर गातो. या शाहिरांत दोन पक्ष आहेत, शक्तीवाले आणि तुरेवाले. शक्तीवाल्यांना देवी थोर, तुरेवाल्यांना शंकर थोर. खुद्द देवीला आणि शंकराला या भांडणाची कल्पना आहे की नाही कोण जाणे. त्यांचा संसार बरा चालला असावा. सामन्यात एक शाहीर गाण्यातून सवाल टाकतो आणि दुसऱ्याने गाण्यातूनच जवाब द्यायचा. जवाब आला नाही तर पुढच्या गणपतीपर्यंत माणूस मच्छी घ्यायलासुद्धा आडवाटेने जातो.

धाकू शक्तीवाला. त्याच्या बायकोचा, मालनवहिनींचा, सख्खा भाऊ केरू मात्र तुरेवाला. तरी लग्न जमलं, कारण पत्रिकेत तसा रकाना नसतो.

पूर्वी धाकूची गाणी वह्यांत असायची. एकदा सासुरवाडीला जेवायला गेला आणि पिशवीसकट वही पडवीत विसरून आला. चार दिवसांनी सामना होता. धाकूने सवालाची पहिलीच ओळ उचलली आणि केरूने दुसरी ओळ यायच्या आत जवाब दिला! लोक हसून हसून आडवे. धाकूने घरी येऊन सगळ्या वह्या पाणी तापवायच्या चुलीत घातल्या. वहिनी म्हणतात, त्या दिवशी आंघोळीला पाणी फार चांगलं तापलं होतं.

त्यानंतर त्याचा मुलगा रितेश मुंबईला नोकरीला लागला आणि आपला कॉम्प्युटर मागे ठेवून गेला. धाकूने एका बोटाने टाइप करत, सगळी गाणी आठवून आठवून त्यात घातली. तीन वर्षं लागली. छापलेला कागद एक नाही, दुसरी प्रत नाही, इंटरनेटची वायर कधी जोडलेली नाही. नाचातल्या पोरांना गाणी शिकवायची ती तोंडाने. केरूच्या हाती लागेल असं काही शिल्लकच ठेवायचं नाही, हा नियम. आणि कुणी चुकून मशीन उघडलंच, तर त्याला काही कळू नये म्हणून गाण्यांच्या फायलींना नावं दिली होती 'लाइट बिल १', 'लाइट बिल २', अशी २१४ पर्यंत. लाइट बिल कोण आपणहून उघडून बघतो?

हा कॉम्प्युटर धाकूकडे आला त्याला गेल्या वर्षी बारा वर्षं झाली आणि तो म्हातारा झाला. सकाळी चालू करून धाकू आंघोळ, पूजा, न्याहारी उरकायचा, तेव्हा कुठे तो जागा व्हायचा. मग श्रावणाच्या तोंडावर दोनदा मध्येच बंद पडला. दुसऱ्या वेळी धाकू आमच्याकडे आला आणि चक्क हळू बोलला. मी घाबरलो.

"गेला तर सगला गेला. माज्या डोक्यात आता निम्मी पन नायत."

रत्नागिरीतल्या दुकानदाराने सांगितलं, मशीन दोन दिवस ठेवून जा. दोन दिवस परक्या घरात! त्यापेक्षा धाकूने स्वतःला गहाण ठेवलं असतं. रितेश फोनवर म्हणाला, "बाबा, मृणालीला बोलवा. ती हेच काम करते. पैसेपण घेणार नाही."

सगळं खरं होतं. मृणाली हुशार होती, मारुती मंदिर भागातल्या एका दुकानात असेच जुने कॉम्प्युटर मार्गी लावत होती, आणि आतेच्या घरी काम म्हणजे पैशांचा प्रश्न नव्हता. अडचण एवढीच, की ती केरूची मुलगी होती.

तीन दिवस धाकू विषय टाळत होता. चौथ्या दिवशी कॉम्प्युटर तिसऱ्यांदा बंद पडला आणि मालनवहिनींनी न विचारता भाचीला फोन लावला.

मृणाली रविवारी सकाळी आली. कुंपणाशी गप्पा मारत असल्याचं सोंग करून मी आधीच धाकूच्या पडवीत पोचलो होतो. तिने मशीन उघडून आतली धूळ काढली. उंदराने आणलेलं एक काजूचं बोंडही निघालं, वाळून खारीक झालेलं.

"आतोबा, कंपनीची नवी सिस्टीम हे मशीन घेणार नाही. वय झालंय त्याचं. मी दुसरी घालते, लिनक्स. हलकी आहे आणि फुकट आहे."

"फुकाट?" धाकूच्या भुवया वर गेल्या. "फुकाट देतो तो कोन? त्याचा काय डाव हाय?"

"डाव नाही. जगभरची माणसं मिळून ती बनवतात. कुणीही घ्या, उघडून बघा, बदला, दुसऱ्याला वाटा."

"आपन केलेला दुसऱ्याला उघडून दाखवतात?"

"हो."

"मंग त्यांचा सामना कसा होतो गो?"

मृणाली हसली आणि कामाला लागली. "हे बघा, नवीन घालायचं तर आतलं सगळं पुसायला लागेल. ठेवायचं काय ते आधी माझ्या पेनड्राइव्हवर घेते. फोटो घेतले. ही लाइट बिलं कशाला? टाकते."

धाकू खुर्चीतून अर्धा उठला. "ऱ्हाऊदे ती."

"जुनी बिलं आहेत."

"मना बिलां बगायला आवडतात."

"आतोबा, दोनशे चौदा आहेत. बारा वर्षांचे महिने होतात एकशे चव्वेचाळीस. वरची सत्तर कुणाची भरलीत?"

"हेंची," धाकूने माझ्याकडे बोट दाखवलं.

मी आयुष्यात एवढा उपकृत कधी दिसलो नसेन. मृणालीने माझ्याकडे बघितलं, मग धाकूकडे, आणि माउस हलवला. धाकूने तिचा हात वरच्यावर धरला. आता सांगावं तर बारा वर्षांची राखण पाण्यात, न सांगावं तर गाणी पाण्यात.

आत वहिनींच्या विळीचा आवाज थांबला. "अवो, तुमी सांगताव काय मी सांगू?"

"ती बिलां नायत," धाकू जमिनीकडे बघत म्हणाला. "गानी हायत. सगली. दुसरीकडं कुटं नायत."

मृणाली थट्टा करेल असं मला वाटलं होतं. तिचा चेहराच उतरला. "एकच प्रत? आतोबा, मी पुसली असती ना!" तिने घाईने सगळ्या फायली पेनड्राइव्हवर घेतल्या, दोनदा मोजल्या. मग म्हणाली, "नीट आल्यात का बघायला एक तरी उघडायला लागेल. तुम्ही उघडा, मी तोंड फिरवते."

आणि ती खरंच भिंतीकडे तोंड करून बसली. धाकूने एक उघडली, वाचली, मान हलवली. दुसरी उघडली. तिसऱ्या गाण्याला तो गुणगुणायला लागला, म्हणजे आमच्या घरी स्वच्छ ऐकू गेलं. मृणाली भिंतीकडे तोंड करूनच मांडीवर ताल धरत होती.

जुनं सगळं पुसलं गेलं. पडद्यावर एक निळी पट्टी गोगलगायीसारखी सरकू लागली. त्या तासाभरात धाकूची बारा वर्षं बोटाएवढ्या एका प्लास्टिकच्या तुकड्यात होती, आणि तो तुकडा धाकूने दोन्ही हातांच्या ओंजळीत धरला होता. माशी बसू दिली नाही. वहिनींनी चहा आणला तर बशी मी धरली आणि तो वाकून प्यायला.

नवी सिस्टीम सुरू झाली. बटण दाबलं आणि धाकूची चूळ भरून व्हायच्या आत पडदा उजळला! गाणी परत आत गेली, एकूण एक. एका गवळणीची अक्षरं आधी चौकोन-चौकोन दिसली, तर मृणालीने जुन्या सिस्टीममधून राखून ठेवलेला फॉन्ट घातला आणि गवळण ठाकठीक झाली. वहिनींनी तिला घावने वाढले.

निघताना मृणालीने पेनड्राइव्ह पुढे केला. "हा तुमच्याकडे ठेवा. नाहीतर सांगा, तुमच्यासमोर पुसते."

धाकूने तो घेतला. उंबऱ्यापर्यंत गेला, परत आला. कॉम्प्युटरकडे बघितलं. ज्याच्या आत काजूचं बोंड निघतं त्याच्यावर किती भरवसा ठेवायचा, हा हिशेब त्याच्या कपाळावर दिसत होता.

"हितं उंदीर हायत," तो म्हणाला. "दुसरी परत पन हितंच ठेवून काय उपेग? तुज्याकडं असूदे."

"आमच्या घरी? बाबा आहेत तिथे."

"तू हायस ना."

मृणालीने पेनड्राइव्ह पर्समध्ये ठेवला नाही. दुकानाच्या किल्ल्या होत्या त्या जुडग्यात अडकवला आणि जुडगा मुठीत धरून स्कूटरला किक मारली.

गणपतीनंतर रत्नागिरीत दुपारचा सामना झाला. धाकूने त्या बिलांतलाच एक, कधी न गायलेला सवाल टाकला. कसला ते मी लिहिणार नाही, मला त्याची शपथ आहे. मी धाकूकडे बघतच नव्हतो, केरूकडे बघत होतो. केरूने ढोलकीवाल्याकडे पाहिलं, छताकडे पाहिलं, कोरसाला एकच ओळ चार वेळा घोळवायला लावली आणि शेवटी शंकराचं नाव घेऊन भलतंच काहीतरी गायला. शक्तीवाल्या पोरांनी सभागृह डोक्यावर घेतलं.

मध्यंतरात केरू चहाचा कप घेऊन धाकूशेजारी येऊन बसला.

"भावजी, आता तरी सांगा. काय होता जवाब?"

"घरात विचारलास नाय?"

"तुमच्या गान्यांत काय हाय म्हनून महिनाभर विचारतंय! पोरगी म्हनते, बाबा, जेवून घ्या." केरूने कप खाली ठेवला. "माजा मीट खाते, पन माज्या मिटाची नाय ती."

"तुज्याच मिटाची," धाकू म्हणाला, आणि सगळ्या सभागृहाला ते ऐकू गेलं. मग त्याने आपल्या बशीतली भजी केरूच्या बशीत सरकवली आणि जवाब मात्र सांगितला नाही.