झाकणावरचं कुंकू

बंगलोरच्या शिवाजीनगरचे मल्हारराव निवृत्त फिटर. त्र्याण्णव साली लष्करी भंगाराच्या लिलावात त्यांनी महायुद्धातली एक जर्मन मशीनगन घेतली. नळी वेल्डिंगनं कायमची बुजवलेली, म्हणजे नुसती बघायची वस्तू. पण ती दिवाणखान्यात आली आणि रावांची मान ताठ झाली. खोट एकच. गनच्या अंगावर नंबर ३७१८ आणि वरच्या झाकणावर भलताच, ५०४२. झाकण परकं! हे ठाऊक फक्त त्यांना आणि दसऱ्याला गन पुसणाऱ्या त्यांच्या बायकोला, सकवारबाईंना. तिथल्या मराठी समाजात रावांनी ठोकून दिलं होतं, आमच्या गनचं सगळं अंगचं.

मग मल्लेश्वरमच्या प्रतापरावांनी त्याच लिलावातली दुसरी गन कुणाकडून तरी मिळवली, वर तिला सागवानी चौथरा केला. झालं! खंडेनवमीला शस्त्रपूजेसाठी जमणारी मंडळी शिवाजीनगरची वाट विसरली. रावांच्या पोटात जे दुखू लागलं ते कुठल्याच काढ्यानं थांबेना.

सत्त्याण्णवच्या खंडेनवमीला प्रतापरावांनी पहिलं कुंकू लावायचा मान, वडीलधारे म्हणून, रावांनाच दिला. राव वाकले आणि थिजले. झाकणावर ३७१८, खाली अंगावर ५०४२! लिलावाआधी पुसताना कुणीतरी झाकणं बदलली असणार. अदलाबदल केली की चार वर्षांची आस पुरी. पण मग प्रतापरावांचीही गन पुरी होणार, आणि तीही चौथऱ्यावर! ते रावांना सोसेना. आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन करतात तो असा. सकवारबाई आरतीचं ताट घेऊन येतच होत्या. रावांनी मूठभर कुंकू घेऊन दोन्ही आकडे लिंपून टाकले.

“अण्णा, साकु की, पुरे! स्वल्प लावायचं असतंय,” प्रतापराव हसले. मग हळूच म्हणाले, “तुम्हाला म्हणून सांगतो, हिचं झाकण परकं हाय. जोडीची गन सापडली तर ही पण त्या माणसालाच देऊन टाकीन. आमच्या पोरांना कुठलं आलंय हिचं कौतुक? तुमचं बरं, तुमची सगळी अंगची!”

रावांचा हात पुन्हा झाकणाकडे गेला. पूजेचं कुंकू पुसायचं कसं, आणि चार वर्षांची फुशारकी गिळायची कशी? तोवर आरती सुरू झाली.

परतीच्या बसमध्ये सकवारबाईंनी विचारलं, “तिचा नंबर काय होता हो?”

“दिसला नाही,” राव म्हणाले. “कुंकू फार होतं.”