आठ बाइटचा प्रोग्राम

सोमनाथ माणूस म्हणून लाखात एक, पण त्याच्याबरोबर एका खोलीत काम करणं म्हणजे डोक्याला ताप होता. हे मी त्याच्या तोंडावर सांगितलेलं आहे, त्यामुळे इथे लिहायला हरकत नाही.

पंचवटीत दिंडोरी रोडला जयरामअण्णांचं द्राक्षाच्या काड्या तपासायचं केंद्र होतं. मी तिथे मायक्रोस्कोपवर बसायचे. ऑक्टोबरच्या छाटणीआधी बागायतदार आपापल्या बागेतल्या काड्या आणून द्यायचे. काडीवरचा एकेक डोळा ब्लेडने चिरून आत घड आहे की नुसताच पाला, ते मी बघायचे आणि काडी कितव्या डोळ्यावर कापायची ते सांगायचे. तो आकडा चुकला तर घडच छाटले जातात आणि हंगामभर हिरवीगार बाग बघत बसावं लागतं. सोमनाथ मखमलाबादचा, तेव्हा चोवीस-पंचवीस वर्षांचा. घरी झेंडूची शेती, आई सुलाबाई फुलबाजारात बसायची. हा बारावी सायन्स करून आमच्याकडे काचपट्ट्या धुवायला लागला होता.

१९९१ साली अण्णांनी सातपूरच्या एका बंद पडलेल्या कारखान्यातून जुना कॉम्प्युटर उचलून आणला. आणला खरा, पण चालवायचा कुणी? सोमनाथने रद्दीच्या दुकानातून कॉम्प्युटरची जुनी मासिकं आणली, रोज डबा खाताना वाचली, आणि दोन महिन्यांत तो त्या मशीनवर बसायला लागला. तिथून माझे हाल सुरू झाले.

त्या मशीनला करायच्या कामांची यादी एका बॅच फाईलमध्ये लिहून देता यायची. मशीन ती वरून खाली वाचायचं आणि मुकाट्याने एकेक काम उरकायचं. पण माणसाला काही विचारून त्याचं उत्तर ऐकायची सोय त्या फाईलला नव्हती. फार तर 'कुठलीही कळ दाबा' म्हणून ती थांबायची, आणि कुठली दाबली याच्याशी तिला देणंघेणं नसायचं. सोमनाथला हे फार लागलं. पडद्यावर एक, दोन, तीन असा मेनू यावा, अण्णांनी एका बोटाने आकडा दाबावा आणि काम व्हावं, असं त्याच्या डोक्यात बसलं होतं. त्यासाठी त्याने असेंब्लीत, म्हणजे थेट मशीनच्या आकड्यांत, एक प्रोग्राम लिहायला घेतला. कळ दाबली जाईपर्यंत थांबायचं आणि दाबलेल्या कळीचा क्रमांक बॅच फाईलच्या हाती देऊन निघून जायचं, एवढंच त्याचं काम. सगळा मिळून आठ बाइटचा, म्हणजे आठ अक्षरांएवढा. आठ! त्यापेक्षा माझं नाव मोठं आहे.

त्या आठ बाइटना तीन आठवडे लागले. रोज मशीन अडकायचं, रोज बंद करून चालू करायचं. चहा पिताना तेच, हात धुताना तेच. कागद संपला की माझ्या लेबलांच्या पाठीमागे आकडे लिहायचा. वणीच्या एका बागायतदाराच्या अहवालाला असंच एक लेबल लागलं. मागे 'सीडी १६' लिहिलेलं. तो बिचारा ते खत समजून तीन दुकानं फिरून आला आणि मला विचारायला लागला, कुठेच कसं मिळत नाही? मी सोमनाथला इतकं बोलले की दुसरा कुणी असता तर नोकरी सोडून गेला असता. तो म्हणाला, "मॅडम, सोळा नंबरच कीबोर्ड वाचतो. लय कामाचा हाय तो."

अखेर मेनू चालला. एक दाबलं की नवी नोंद, दोन दाबलं की अहवाल छापायचा, आणि तीन दाबलं की हंगाम संपल्यावर सगळ्या नोंदी पुसून कोरी फाईल. अण्णा खूश झाले, पण अण्णा ते अण्णाच. नोंदींची वही बंद करून त्यांनी ब्याण्णवचा हंगाम मशीनवर घ्यायला परवानगी दिली आणि वर अट घातली की एका जरी बागेची नोंद गेली तरी मशीन झाकून ठेवायचं आणि सोमनाथने परत काचपट्ट्या धुवायच्या. सोमनाथने मान डोलावली. त्या खुर्चीसाठी तो काय वाटेल ते कबूल झाला असता.

हंगाम जोरात असताना खंडेनवमी आली. त्या दिवशी सोमनाथ येणार नव्हता. दसऱ्याच्या तोंडावर झेंडूवाल्याच्या घरात कुणाला उसंत असते? आदल्या दिवशीच त्याने मला टोपलीभर फुलं आणून दिली होती. खंडेनवमीला आमच्याकडे अवजारांची पूजा व्हायची. छाटणीच्या कात्र्या, ब्लेडं, मायक्रोस्कोप मी मांडले. मग वाटलं, कॉम्प्युटर का राहावा? बंद मशीनची कसली पूजा, म्हणून तो चालू केला. मेनू आला. पडद्याला हार घातला, हळदकुंकू वाहिलं, आणि टेबलावर दुसरी जागा नव्हती म्हणून नारळ कीबोर्डवरच ठेवला. आतून कुरकुर आवाज यायला लागला, लाल दिवा लुकलुकायला लागला. मी हात जोडले. मला वाटलं, मशीनला पूजा पोहोचली. तासाभराने नारळ फोडून सगळ्यांना खोबरं वाटलं.

दसऱ्याला सोमनाथ दुपारी आला आणि मशीनसमोर बसून राहिला. नोंदी कोऱ्या होत्या. फ्लॉपीवरच्या चार दिवसांपूर्वीच्या प्रतीवरून जुन्या नोंदी परत आल्या, पण नंतरच्या अकरा बागा गेल्या होत्या. चिरलेल्या काड्या काय परत जोडता येतात? त्यात दिंडोरीकडच्या चतुराबाई दारात उभ्या. त्यांच्याकडे पेठ तालुक्यातून छाटणीची टोळी यायची होती, ती दुसऱ्या दिवशी सकाळी कात्र्या घेऊन वेलींखाली उभी राहणार होती. त्या एवढंच म्हणाल्या, "बाई, आकडा नसंल तर मी त्यांना काय सांगू, कुठंबी काप?"

सोमनाथने अर्ध्या तासात चूक शोधली. कळीचा क्रमांक तपासताना ते मशीन 'एवढा किंवा त्याच्याहून मोठा' असं बघतं. तीनपेक्षा मोठ्या क्रमांकाची कळ दाबली तर ती हाकलून द्यायला सगळ्यात वर एक ओळ हवी होती, तीच राहिली होती. मशीनच्या क्रमांकांत सगळी अक्षरं तीनपेक्षा मोठी. म्हणजे कुठलंही अक्षर दाबलं की मशीन तीनचंच काम करणार. हे तो अण्णांना सांगत होता आणि मला कीबोर्डवरचा नारळ आठवत होता. अण्णांनी विचारलं, अक्षर दाबलं कुणी? सोमनाथ म्हणाला, "प्रोग्राम माझा, अण्णा. चूकबी माझीच." मी ब्लेड पुसत राहिले. आजही ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

तो चतुराबाईंबरोबर एसटीने गेला, वेलींच्या त्याच ओळींतल्या काड्या घेऊन संध्याकाळी परत आला, आणि मी त्या चिरून आकडा दिला. सातवा डोळा. त्यांची बाग वाचली. बाकीच्या दहा बागांच्या काड्याही पुढच्या काही दिवसांत त्यानेच फिरून आणल्या. दसऱ्याच्या संध्याकाळी मी काड्या चिरत होते, तेवढ्यात त्याने मशीनवर बसून काहीतरी टाईप केलं आणि स्पिरिटच्या बोळ्याने कीबोर्ड पुसला. तेव्हा मला वाटलं, धूळ पुसतोय. दुसऱ्या दिवशी अण्णांनी मशीनवर चादर टाकली, वही काढली, आणि सोमनाथ काचपट्ट्यांकडे गेला. दोन वर्षं त्याने त्या धुतल्या, मग अंबडच्या एका कारखान्यात नोकरी धरली. मी त्या दोन वर्षांत त्याच्यावर आधीपेक्षा जास्त चिडचिड केली. मनात बोचत असलं की माणूस दुसऱ्यावरच ओरडतो.

२००२ साली ते मशीन भंगारात द्यायचं ठरलं. देण्याआधी मी चादर काढून ते सुरू केलं आणि त्यानेच शिकवलं होतं तसं बॅच फाईल उघडून पाहिली. वर एक टिपणाची ओळ होती, मशीन वाचत नाही, फक्त माणसाने वाचायची. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलेलं: 'मॅडम, आता नारळ ठेवला तरी काही पुसणार नाही.' खाली ती राहिलेली ओळ होती.

दहा वर्षं हा माणूस जाणून होता.

मी रविवारी अंबडला त्याच्या घरी गेले. बायको छाया चहा करत होती, तिच्यादेखतच मी सगळं कबूल केलं. त्याने शांतपणे सांगितलं की कीबोर्डच्या फटींत कुंकू होतं, तेव्हाच कळलं होतं. मग बोलला का नाहीस, म्हणून मी त्याच्याच घरात त्याच्यावर ओरडले. तो म्हणाला, नारळ नाय तर कुणाचं कोपर टेकलं असतं, चूक प्रोग्रामचीच होती. या असल्या चांगुलपणाचा मला मनस्वी संताप येतो.

मग कप खाली ठेवून त्याने हळूच विचारलं, "ती ओळ चालती का, मॅडम? टाकली त्या दिवशी वेळ नव्हता, नंतर अण्णांनी मला बसूच दिलं नाय."

मी सांगितलं, भंगारवाला यायच्या आधी मी बाजारातून नारळ आणला होता आणि पाच मिनिटं कीबोर्डवर ठेवला होता. मेनू नुसता परत परत येत राहिला. एक नोंदही हलली नाही.

ते त्याने मला दोनदा सांगायला लावलं.