घड्याळजीचा फोटो
एका बातमीदारानं शिरूरच्या आमच्या घड्याळजीला फसवलं. पेट्रोलचा वास आला की त्याची टपरी आठवते. तो पेट्रोलनं घड्याळं धुवायचा. “चाचा, जुन्या कारागिरांवर लिहितोय,” म्हणत बातमीदारानं सेल-तारांच्या पसाऱ्यात त्याचा फोटो काढला. मग शहरात बॉम्ब फुटला आणि तोच फोटो पहिल्या पानावर आला: ‘घड्याळजीवर संशय’. पोलिसांना काहीच सापडलं नाही, तरी गिऱ्हाइकं खाली मान घालून आपापली घड्याळं घेऊन गेली. मी बातमीदाराची कॉलर धरली. “खोटं पहिल्या पानावर छापलंस, खरंही तिथंच छाप!” तो म्हणाला, “मामा, काय सापडलं न्हाई, ही बातमी हाय व्हय?” मी मागणी आतल्या पानावर उतरवली, मग कोपऱ्यातल्या दोन ओळींवर; एकही ओळ मिळाली नाही. टपरी उठली. आज तो बातमीदार टीव्हीवर दहशतवादावर बोलतो. आधी त्या फोटोचा जबाब दे.