फोनवर सांगितलेलं बीपी

मालेगावच्या दवाखान्यात डॉक्टरांनी ईसीजीची पट्टी माझ्यापुढे धरली. ईसीजी म्हणजे हृदयाच्या ठोक्यांचा आलेख. पट्टीवर नुसती सरळ रेघ होती. "मावशी, हे ब्रॉट डेड आहेत," ते हळू आवाजात म्हणाले. दवाखान्यात पोचण्याआधीच जीव गेलेला असला की असं म्हणतात.

सकाळी यांच्या छातीत जळजळ होत होती. ॲसिडिटी समजून मी सोडा दिला. अर्ध्या तासाने अंगाला घाम सुटला, तेव्हा कुठे आमच्या किन्हीराजा गावाहून गाडी काढली. वाचणाऱ्यांना सांगते, जळजळ आणि घाम सोबत आले तर सोडा देत बसू नका.

पण मला खरं सांगायचंय ते त्यानंतरच्या माझ्या चुकीबद्दल.

माझी एकुलती एक लेक वर्षा संभाजीनगरला नर्सिंग शिकते. आमच्याकडे माणूस गेला तरी लांबच्या लेकरांना 'सिरीयस आहे' एवढंच कळवतात. माझे दीर म्हणाले, "वहिनी, पोरगी एकटी बसनं येईन. खरं सांगू नका." मला ते पटलं.

मी फोन लावून 'बाबा सिरीयस आहेत' म्हणाले. वर्षाने लगेच विचारलं, "बीपी किती हाय बाबाचं?"

हे काही आम्हाला सुचलं नव्हतं. दीर कानाशी कुजबुजले, तेच मी बोलले, "एकशे दहा."

"अन् खालचं?"

"सत्तर."

"मंग बरं हाय की. तू कायले रडून राह्यली?"

यांना घरी आणलं. बसमधून वर्षाचे चार फोन आले. फोन वाजला की अंगणातल्या बायका तोंडाला पदर लावून गप्प बसायच्या. मी घसा साफ करून बोलायची, "झोपलेत." चौथ्या वेळी तिने सांगितलं, कॉलेजच्या मॅडमना विचारून मोठ्या दवाखान्यात बेड ठेवलाय. मी बरं म्हणाले.

संध्याकाळी ती दारात आली आणि अंगणातले बांबू बघून थांबली. रडली नाही. आत जाऊन बापाचा हात हातात घेतला, नाडीवर बोटं ठेवली. "कवा गेले?" तिने विचारलं. कोणीतरी सांगितलं, सकाळीच. तिने फक्त माझ्याकडे पाहिलं.

ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. राख सावडून माणसं परतली, तेव्हा स्वयंपाकघरात येऊन म्हणाली, "तुमी समदे सकाळपासून रडून राह्यले होते. मी बसमध्ये शेजारच्या बाईले सांगून राह्यली होती, बीपी चांगलं हाय म्हणून. माहा बाप मेला होता अन् मी हसून बोलत होती, आई."

"चुकलं माहं," एवढंच मला म्हणता आलं. ती उठून गेली. नवरा गेलाच होता, आता लेकही जाते की काय, या भीतीने मला अन्न गोड लागेना.

महिन्याभराने इंझोरीची माझी मावशी झोपेतच गेली. वर्षा सुट्टीला आली होती, आम्ही दोघी गेलो. मावशीचा मुलगा मनोज पुण्याला. तिथेही तीच कुजबुज, सिरीयस हाय म्हणा. मी फोन मागून घेतला.

"मनोज, सोबत कोन हाय? त्याले जवळ बसव." त्याने बायकोला बोलावलं. मग मी म्हणाले, "बापू, तुही आई गेली. पहाटेच गेली. तू येईपर्यंत आमी थांबतो."

घरातल्या दोघीतिघी माझ्यावर चिडल्या. मनोज ढसाढसा रडत होता, मी फोन कानाला धरून ऐकत राहिले. मग वर्षाने फोन घेतला. "मामा, गाडी तू चालवू नको," ती म्हणाली.

फोन ठेवला आणि तिने माझ्या खांद्यावर डोकं टाकलं. बाप गेल्यावर पहिल्यांदाच ती मोठ्याने रडली, आणि त्या वेळी मला रडू आवरावं लागलं नाही.