पुढची चाकं ओढत नाहीत

मी नेवाशाजवळच्या गावांमध्ये गुरांची डॉक्टर आहे. दवाखान्याची खोली गावात असली तरी माझा बहुतेक दिवस लोकांच्या गोठ्यांतच जातो. बरीच वर्षं मी स्कूटीवर बॅग बांधून फिरले. पण पाटाला पाणी सुटलं की शेतांमधले रस्ते काळ्या चिखलाचे होतात, आणि मग स्कूटी मला नेत नसे, मीच तिला ढकलत नेत असे. शेवटी अकोले तालुक्यातल्या एका शेतकऱ्याकडून जुनी डिझेल जीप घेतली. फोर-व्हील, म्हणजे वेळ पडली तर चारही चाकांनी ओढणारी. नवरा शाळेत शिकवतो. त्याला गाडीत बसायला आवडतं, बॉनेट उघडायला नाही.

त्याच दिवाळीनंतर आई भावाच्या बाळाला सांभाळायला पुण्याला गेली आणि आप्पा, म्हणजे माझे वडील, माझ्याकडे राहायला आले. नागापूरच्या एमआयडीसीत त्यांनी उभं आयुष्य फिटरचं काम केलेलं. रिटायर झाल्यापासून त्यांच्या हातांना काही काम नव्हतं, म्हणून ते घरातले चांगले चाललेले पंखेसुद्धा उतरवून साफ करायचे. आल्या दिवशी चहा पुढे ठेवला तर आप्पा जागेवर नाहीत. बाहेर जीपखाली त्यांचे फक्त पाय दिसत होते.

"हिला बरंच काय काय झालंय गं," ते खालूनच म्हणाले. इतके खुशीत मी त्यांना कितीतरी दिवसांत पाहिलं नव्हतं.

पहिली तक्रार होती इंजिन तापण्याची. घोडेगावच्या बाजूला निघाले की निम्म्या वाटेत काटा लाल पट्टीकडे सरकायचा. आप्पांनी ऐकून घेतलं आणि थेट इंजिनचं हेड उतरवायची तयारी सुरू केली. हेडखालची पट्टी, म्हणजे गॅस्केट, गेली असणार, असं त्यांचं म्हणणं. अंगणात ताडपत्रीही अंथरून झाली.

"आप्पा, थांबा जरा," मी म्हटलं. "जनावर आजारी म्हणून कुणी आलं तर मी आधी विचारते, कधीपासून आणि कशानं. ही उभी असताना तापत नाही. गल्लीत हळू चालवली तरी तापत नाही. हमरस्त्याला वेगात घेतली की तापते."

आप्पांनी हातातला पाना खाली ठेवला. मग पुढच्या जाळीतून बॅटरी मारून बघितलं. रेडिएटरच्या बारीक फटींत उसाच्या पाचटाचा चुरा, गवताचं बी आणि मेलेले किडे असा थर गच्च बसला होता. वेगात इंजिनला जास्त वारा लागतो, आणि तोच आत जात नव्हता. पाण्याचा पाइप आतल्या बाजूनं बाहेर असा मारत आम्ही तासभर तो धुतला. त्यानंतर काटा मधोमध उभा राहिला. आप्पांनी ताडपत्रीची घडी घातली, पण हेड उघडायला मिळालं नाही याचं त्यांना थोडं वाईटच वाटलं असावं.

दुसऱ्या वेळी माझी गंमत झाली. जीप ठरावीक वेगाला पोचली की स्टिअरिंग माझ्या हातात थरथरायचं, अगदी कोपरापर्यंत. मी ठामपणे सांगितलं की पुढचे बेअरिंग संपले. आप्पांनी चाक जॅकवर उचललं, वरखाली धरून हलवलं. कुठेही ढिलं नव्हतं. मग त्यांनी रिमच्या आतून हात फिरवला आणि विटेएवढा वाळलेला चिखलाचा गोळा काढून माझ्यासमोर ठेवला.

"हे घे तुझे बेअरिंग," म्हणाले.

एका बाजूला एवढं वजन चिकटल्यावर चाक नाचणार नाही तर काय. चारही रिम खरवडून काढले, थरथर गेली. त्या दिवसापासून आप्पा माझ्याबरोबर गावोगाव यायला लागले. गाडीत जॅक, लाकडी फळी आणि त्यांची हत्यारांची पेटी कायमची मुक्कामाला आली. माझ्या औषधांच्या खोक्याला जागा उरेना.

मग एका सकाळी पाटापलीकडच्या वस्तीवरून फोन आला. एक मावशी घाबरून बोलत होत्या. "ताई, म्हैस अडलीया. कवाधरनं कळा देतीय, पन काय व्हईना. मालक उसाच्या ट्रॅक्टरवर गेल्यात. लवकर या."

आम्ही निघालो. वस्तीच्या अलीकडे पाट फुटून पाणी रस्त्यावर आलं होतं. डांबरी सोडायच्या आधी मी उतरून पुढच्या दोन्ही चाकांच्या मधल्या चकत्या 'लॉक'वर फिरवल्या. त्या चकतीला हब म्हणतात. ती लॉक केली तरच पुढची चाकं इंजिनशी जोडली जातात. मग फोर-व्हीलचा दांडा ओढला आणि चिखलात घातली. वीसेक पावलं गेलो आणि जीप बसली. मागची चाकं चिखल उडवत नुसती फिरायला लागली.

आप्पा पँट गुडघ्यापर्यंत दुमडून खाली उतरले आणि लांब उभे राहून वाकले.

"क्लच हळू सोड. बास. मागची फिरतायत, पुढची जागेवर आहेत. पण खालचा पुढचा शाफ्ट फिरतोय."

"म्हणजे ताकद पुढच्या धुरेपर्यंत येतेय?"

"येतेय. चाकाशी येऊन सुटतेय. एका जरी बाजूचा हब आत बसला नाही, तर सगळी ताकद तिकडेच वाया जाते. कुठली बाजू ते जॅक लावल्यावर कळेल. इंजिन बंद कर आणि तू जा, म्हैस थांबायची नाही."

मी बॅग डोक्यावर घेतली, चपला हातात घेतल्या आणि चिखल तुडवत वस्तीवर पोचले. मावशी दारातच उभ्या होत्या. हात घालून पाहिलं, तर रेडकाचा एक पुढचा पाय मागे दुमडलेला. मावशींनी शेपटी धरली. मी रेडकाला आत ढकललं, दुमडलेला खूर मुठीत धरून पाय सरळ केला आणि दोन्ही पायांना दोरी लावली.

"मावशी, ती कळ देईल तेव्हाच ओढायचं. एरवी नाही."

"व्हय, व्हय. मला ठावं हाय."

तिसऱ्या की चौथ्या कळेला रेडकू घसरून खाली आलं. नाकातला चिकटा पुसला, काडी फिरवली, आणि ते फटकन शिंकलं. पारडी होती, म्हणजे मादी. मावशी हसायला लागल्या. "लई घाबरले हुते मी," त्या म्हणाल्या.

म्हैस पारडीला चाटायला लागली तेवढ्यात बाहेर इंजिनचा आवाज आला. आप्पा जीप घेऊन थेट अंगणात. कपाळाला ग्रीस, दाढीला चिखल.

"डावा!" ते स्टिअरिंगवरूनच ओरडले. "फळीवर जॅक लावला, चाक उचललं, हातानं फिरवलं तर गरागरा फिरलं. लॉक झालेलं चाक फिरेल का? हब उघडला तर आतलं ग्रीस डिंकासारखं झालेलं. डिझेलनं धुतला, स्प्रिंग मोकळी केली, बसवला. अशी निघाली म्हणतेस!"

मी त्यांना दुमडलेल्या पायाचं सांगत होते, ते मला स्प्रिंगचं सांगत होते, आणि दोघांचंही एकमेकांकडे लक्ष नव्हतं. मावशींनी आम्हा दोघांच्या हातांवर पाणी घातलं, चुलीवर चहा ठेवला आणि निघताना चिकाची किटली आप्पांच्या हातात दिली.

परतताना आप्पांनी मला स्टिअरिंग दिलंच नाही. चिखल पार करून आम्ही डांबरीवर आलो, तर त्यांनी गाडी वळवली आणि पुन्हा चिखलात घातली. "खात्री केलेली बरी," म्हणाले. मी किटली घट्ट धरून बसले.

संध्याकाळी आईचा फोन आला. पुण्याला कधी येताय, तिनं विचारलं.

"अजून हँडब्रेक राहिलाय," आप्पा म्हणाले. "मग वायपर. मग दरवाजे जरा खडखडतात."

आई हसली आणि म्हणाली, "राहा मग तिथंच."

ते राहिले. आता सुट्टी मिळाली की आईच इकडे येते आणि जीपच्या पुढच्या सीटवर बसून आमच्याबरोबर वस्त्या फिरते.